राउटर स्वतःचं नाव कसं ठरवतो? राउटर आयडीचा थोडा इतिहास

"ओएसपीएफमध्ये राउटर आयडी कसा निवडला जातो?" हा प्रश्न लॅबच्या तोंडी परीक्षेपासून पेटनंतरच्या मुलाखतीपर्यंत कुठेही येऊ शकतो आणि उत्तर बहुतेकांना पाठ असतं. हाताने दिलेला आयडी असेल तर तो. नसेल तर लूपबॅक इंटरफेसवरचा सर्वांत मोठा आयपी पत्ता. तोही नसेल तर चालू असलेल्या इंटरफेसांपैकी सर्वांत मोठा पत्ता. उत्तर बरोबर धरलं जातं, मार्क मिळतात.

आता पुढचा प्रश्न. हा नियम लिहिलाय कुठे? इथे बहुतेक जण म्हणतात, "ओएसपीएफच्या स्टँडर्डमध्ये." स्टँडर्ड उघडून बघा, हा तीन पायऱ्यांचा नियम तिथे नाही. तो सिस्कोच्या राउटरचा नियम आहे. सिस्कोची पुस्तकं आणि सिस्कोचे कोर्स इतके पसरले, की एका कंपनीची सवय आपल्याकडे प्रोटोकॉलचा नियम म्हणून शिकवली जाते. परीक्षेपुरतं हे चालून जातं. पण उद्या तुम्ही सिम्युलेशन करून प्रबंधात "ओएसपीएफ असं वागतो" असं लिहिणार असाल, तर ते ओएसपीएफ वागलं की तुमच्या हातातलं सॉफ्टवेअर वागलं, हे सांगता आलं पाहिजे. त्यासाठी ही आयडीची भानगड आली कुठून ते बघावं लागतं.

सुरुवात आपल्याकडूनच करू. भारतात संगणकांचं जाळं उभारण्यासाठी १९८६ मध्ये अर्नेट प्रकल्प सुरू झाला. पैसा भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाचा आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा. त्यात आठ संस्था होत्या: पाच आयआयटी, बंगळूरची आयआयएससी, खुद्द इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि मुंबईतली एनसीएसटी. एनसीएसटी म्हणजे जुहूची नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी. डॉ. श्रीनिवासन रमणी तिचे संचालक होते, पुढे २०१४ मध्ये त्यांचा इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. अर्नेटमधली पहिली ईमेल देवाणघेवाण झाली ती एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात, साध्या फोनलाइनवरून. म्हणजे जुहू ते पवई! नंतर १९८७ मध्ये एनसीएसटीतून ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेशी ईमेलचा दुवा जुळला आणि १९८९ मध्ये अमेरिकेतल्या यूयूनेटपर्यंत लीज्ड लाइन आली. तिचा वेग सेकंदाला ९६०० बिट. आज व्हॉट्सॲपवरचा एक साधा फोटो त्या लाइनवरून यायला काही मिनिटं लागली असती.

आपल्या विषयासाठी महत्त्वाचं आहे ते त्या फोनलाइनवर चालणारं सॉफ्टवेअर, यूयूसीपी. यात प्रत्येक मशीनला माणसाने ठेवलेलं नाव असे. एनसीएसटीच्या एका मशीनचं नाव होतं 'शक्ती'. ईमेलचा पत्ता म्हणजे मधल्या मशीनच्या नावांची माळ, दोन नावांमध्ये उद्गारचिन्ह. कोणत्या मशीनवरून कोणत्या मशीनकडे जायचं हे पाठवणाऱ्यानेच लिहायचं. मशीनचं नाव एका जागी आणि तिचा फोन नंबर दुसऱ्या जागी, एका वेगळ्या फाइलमध्ये नोंदलेला असे. फोन नंबर बदलला तरी 'शक्ती' ही 'शक्ती'च राहणार. नाव वेगळं आणि पत्ता वेगळा, ही कल्पना इतक्या साध्या व्यवस्थेतही स्वच्छ होती.

अडचण एकच. जगात दुसऱ्या कुणी आपल्या मशीनचं नाव तेच ठेवलं तर? नावं एकच एक राहावीत म्हणून यूयूसीपी मॅपिंग प्रोजेक्ट नावाचा उपक्रम चाले. संस्थांनी आपलं नाव आणि आपल्या जोडण्या कळवायच्या, त्यावरून नकाशे तयार व्हायचे आणि पाथअलियस नावाचा प्रोग्रॅम त्या नकाशांवरून रस्ते काढायचा. नाव वेगळं आहे की नाही हे बघण्याचं काम शेवटी माणसांवरच होतं.

हे माणसांचं काम यंत्रांकडे कसं गेलं, यासाठी थोडं मागे आणि समुद्रापलीकडे जावं लागेल, अमेरिकेतल्या अर्पानेटकडे. १९६९ मध्ये तिथे पहिला नोड बसला. या नोडना इम्प म्हणत, आजच्या राउटरचे ते पूर्वज. लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमधला इम्प क्रमांक १, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटचा २, सांता बार्बराचा ३, यूटाचा ४. बसवले त्या क्रमाने नंबर. सुरुवातीच्या पत्त्यात इम्पच्या नंबरासाठी फक्त ६ बिट ठेवले होते, म्हणजे साठ-बासष्टच्या पुढे गेलं की संपलं. इथे नोडचा नंबर हीच ओळख आणि तोच पत्त्याचा भागही. निवड वगैरे प्रश्नच नाही, बसवणारा माणूस नंबर देऊन जायचा.

अर्पानेटची पहिली रूटिंग पद्धत आपण ज्याला डिस्टन्स व्हेक्टर म्हणतो त्या जातीची होती. प्रत्येक नोड फक्त शेजाऱ्याला सांगतो: "अमुक ठिकाण माझ्यापासून इतकं लांब." शेजारी त्यात आपलं अंतर मिळवतो आणि पुढच्याला सांगतो. मूळ बातमी कुणाची हे तिसऱ्या-चौथ्या नोडला कळत नाही आणि कळायची गरजही नसते. म्हणूनच त्याच जातीच्या आरआयपी प्रोटोकॉलमध्ये, जो १९८८ च्या आरएफसी १०५८ मध्ये लिहिला गेला, राउटर आयडी नावाची चीजच नाही. संदेश ज्या पत्त्यावरून आला तो शेजारी, विषय संपला. "आरआयपीचा राउटर आयडी कसा ठरतो" असा प्रश्न कुणी विचारला तर गोंधळू नका, तो प्रश्नच चुकीचा आहे.

१९७९ मध्ये अर्पानेटने पद्धत बदलली. नव्या पद्धतीत प्रत्येक नोड आपल्यापुरतीच माहिती देतो, "मी अमुक, माझे शेजारी हे, त्यांच्याकडे जायला इतका वेळ लागतो", पण ती सगळ्या जाळ्याला देतो. प्रत्येक जण हे तुकडे जोडून पूर्ण नकाशा बनवतो आणि त्यावर सर्वांत जवळचा रस्ता काढतो. हीच लिंक-स्टेट पद्धत. यात सगळ्यात आधी येतो तो "मी अमुक" हा भाग. नकाशाच्या तुकड्यावर तो कुणाचा आहे याचा शिक्का नसेल, तर जोडणार कसा? त्याच नोडकडून दुसऱ्यांदा बातमी आली तर जुनी कुठली आणि नवी कुठली हे कळण्यासाठी अनुक्रमांक लागतो. पण अनुक्रमांकाची तुलना करायची तर आधी दोन्ही बातम्या एकाच नोडच्या आहेत याची खात्री हवी. राउटरला स्वतःची ओळख असण्याची गरज निर्माण झाली ती इथे.

ओळख आणि अनुक्रमांक यांच्यावर किती भिस्त असते हे २७ ऑक्टोबर १९८० रोजी दिसलं. त्या दिवशी अख्खं अर्पानेट कित्येक तास ठप्प झालं. एरिक रोझन यांनी या घटनेचं केलेलं विश्लेषण आरएफसी ७८९ म्हणून उपलब्ध आहे. जाळ्यांवर संशोधन करायचं असेल तर पहिल्या महिन्यातच वाचा. छोटा आहे, भाषा सोपी आहे. झालं असं, की इम्प क्रमांक ५० च्या नावाच्या तीन बातम्या एकाच वेळी जाळ्यात फिरू लागल्या. त्यांचे अनुक्रमांक ४४, ४० आणि ८. हे तीन आकडे बायनरीत लिहून बघा: १०११००, १०१०००, ००१०००. प्रत्येक वेळी एकेक '१' गळून '०' झालाय. मेमरीतल्या बिघाडाने बिट गळत होते आणि संशयाची सुई ५० च्या शेजारच्या २९ क्रमांकाच्या इम्पकडेही होती.

अनुक्रमांक ६ बिटांचा, ६३ नंतर पुन्हा ०, घड्याळासारखा गोल. त्यामुळे "नवा कोण" ही तुलनाही गोल. त्या नियमाने ४४ हा ४० पेक्षा नवा, ४० हा ८ पेक्षा नवा आणि ८ हा ४४ पेक्षा नवा. म्हणजे कुठलीही बातमी आली तरी ती हातातल्या बातमीपेक्षा नवीच ठरते. प्रत्येक इम्प ती स्वीकारतोय, शेजाऱ्यांना वाटतोय, शेजारी पुन्हा यालाच परत पाठवतायत. थांबायचं कारणच नाही. शेवटी उपाय काय केला? सगळ्या इम्पच्या प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती घातली, की ५० च्या नावाने येणाऱ्या बातम्या दुर्लक्षित करा. शिक्का होता म्हणून निदान कुणाकडे दुर्लक्ष करायचं ते तरी सांगता आलं.

या घटनेनंतर लिंक-स्टेट पद्धत जास्त सहनशील कशी करायची यावर बरंच काम झालं. रेडिया पर्लमन यांचा १९८३ चा शोधनिबंध त्यातला मुख्य. बातमीला वय असावं, जुनी झाली की ती आपोआप मरावी, या गोष्टी नंतरच्या प्रोटोकॉलमध्ये कायमच्या आल्या. ओएसपीएफमध्ये प्रत्येक बातमीला (तिला एलएसए म्हणतात) ३२ बिटांचा अनुक्रमांक असतो, चेकसम असतो आणि वय असतं. ३६०० सेकंद झाले की ती बाद. आणि प्रत्येक एलएसएवर ती काढणाऱ्या राउटरचा आयडी.

ओएसपीएफचं पहिलं रूप १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये आरएफसी ११३१ म्हणून आलं. लेखक जॉन मॉय, तेव्हा प्रोटिऑन कंपनीत. दुसरी आवृत्ती १९९१ ची, आरएफसी १२४७, आणि आपण आज वापरतो तो मजकूर १९९८ चा, आरएफसी २३२८. अर्पानेटचे नंबर माणूस देत होता. ओएसपीएफ मात्र वेगवेगळ्या कंपन्यांच्या राउटरवर, वेगवेगळ्या संस्थांत, कुणालाही न विचारता चालायचं होतं. मग प्रत्येक राउटरला एकमेव नंबर देणार कोण? इथे एक सोयीची गोष्ट हाताशी होती. राउटरला आयपी पत्ते असतातच, ते एकमेव असतात (असायला हवेत), आणि तेही ३२ बिटांचेच. त्यातलाच एक उसना घ्यायचा.

आरएफसी २३२८ काय म्हणतं ते नीट वाचण्यासारखं आहे. बंधन एवढंच आहे, की राउटर आयडी ही ३२ बिटांची संख्या असावी आणि त्या स्वायत्त जाळ्यात ती एकाच राउटरची असावी. ती कशी मिळवायची याबद्दल नुसती सूचना आहे आणि तीही दोन ठिकाणी दोन तऱ्हेची. पाचव्या विभागात म्हटलंय, की राउटरच्या इंटरफेसवरचा सर्वांत लहान आयपी पत्ता वापरणं हा एक मार्ग असू शकतो. तोच दस्तऐवज, परिशिष्ट सी: सर्वांत मोठा किंवा सर्वांत लहान पत्ता निवडणं हा एक मार्ग. लेखकाला दोन्ही चालत होतं, कारण एकमेवपणापलीकडे त्याला काही नकोच होतं.

मोकळीक दिल्यावर प्रत्येकाने आपापलं ठरवलं. सिस्कोने मोठा पत्ता घेतला आणि लूपबॅकला पहिला मान दिला. लूपबॅक हा केबल नसलेला, सॉफ्टवेअरमधला इंटरफेस. वायर तुटली, पोर्ट गेला म्हणून तो बंद पडत नाही, त्यामुळे तिथला पत्ता टिकाऊ. हा मुद्दा पटण्यासारखा आहे. जुनिपरच्या जुनोसमध्ये आयडी दिलेला नसेल तर जो इंटरफेस आधी चालू होईल त्याचा पत्ता घेतात, आणि बहुतेक वेळा तो लूपबॅकच निघतो. बर्ड हे सॉफ्टवेअर प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून जन्मलं. ते लूपबॅक सोडून इतर इंटरफेसांवरचा सर्वांत लहान पत्ता घेतं. म्हणजे सिस्कोच्या बरोबर उलट! आणि चौघांनाही स्टँडर्डप्रमाणे वागल्याचं प्रमाणपत्र देता येईल. चौथा कोण? हाताने आयडी लिहिणारा अभियंता.

"मग काय फरक पडतो, कुठला का नंबर असेना," असं वाटणं साहजिक आहे. लॅबमधलं एक साधं उदाहरण घेऊ. एकाच स्विचला तीन राउटर जोडलेत, त्यांना सोलापूर, बार्शी आणि पंढरपूर म्हणू. स्विचच्या बाजूचे पत्ते अनुक्रमे १०.०.०.१, १०.०.०.२ आणि १०.०.०.३. सोलापूरला आणखी एक इंटरफेस आहे, १९२.१६८.५.१. बार्शीलाही एक, १७२.१६.१.१. पंढरपूरला दुसरा नाही. लूपबॅक कुणालाच नाही. ओएसपीएफमध्ये अशा सामायिक जाळ्यावर एक डेझिग्नेटेड राउटर निवडला जातो, सगळे त्याच्यामार्फत बातम्यांची देवाणघेवाण करतात. निवडीत आधी प्रायॉरिटी बघतात. ती सारखी असेल तर मोठा राउटर आयडी जिंकतो. तिघांची प्रायॉरिटी सारखी ठेवा आणि तिघांना एकदमच चालू करा.

मोठा पत्ता घेण्याच्या नियमाने आयडी होतात १९२.१६८.५.१, १७२.१६.१.१ आणि १०.०.०.३. सोलापूर निवडून येतं. लहान पत्ता घेण्याच्या नियमाने आयडी होतात १०.०.०.१, १०.०.०.२ आणि १०.०.०.३. पंढरपूर निवडून येतं. प्रोटोकॉल तोच, केबल त्याच, पत्ते तेच. आता तुम्ही "सोलापूर बंद पाडलं तर जाळं सावरायला किती वेळ लागतो" हे मोजताय असं समजा. पहिल्या प्रयोगात तुम्ही डेझिग्नेटेड राउटरच पाडला, दुसऱ्यात एक साधा सदस्य. दोन आकडे वेगळे येणार आणि आयडीकडे लक्ष नसेल तर तुम्ही तो फरक दोन सॉफ्टवेअरच्या वेगातला फरक म्हणून लिहून मोकळे व्हाल. तुलना करणारे प्रयोग वाचताना मी आता पहिल्यांदा हेच शोधतो, की राउटर आयडी हाताने दिले होते का. पुष्कळदा त्याचा उल्लेखच नसतो.

जाता जाता: तुलना करताना ही संख्या आहे हे विसरू नका. ९.९.९.९ हा १०.०.०.१ पेक्षा लहान आहे, शब्दकोशातल्या क्रमाने बघाल तर उलटं वाटेल. १०.०.०.१ म्हणजे १६७७७२१६१ ही संख्या. टिंबं फक्त आपल्या डोळ्यांच्या सोयीसाठी.

मोठा आयडी म्हणजे मोठा राउटर, असंही नाही. आपल्याकडे सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, त्यांचा क्रम मानाने ठरलेला आहे, काठीच्या उंचीवरून कुणी ठरवत नाही. ओएसपीएफमध्ये असा मान द्यायचा असेल तर त्यासाठी प्रायॉरिटी आहे. आयडीचा आकार हा फक्त बरोबरी फोडण्याचा मार्ग आहे. बीजीपी बघितलं की हे आणखी स्पष्ट होतं. तिथे सगळे निकष सारखे निघाले तर शेवटाकडच्या एका पायरीवर लहान आयडीच्या शेजाऱ्याकडून आलेला मार्ग घेतात. पण दोन राउटरांनी एकाच वेळी एकमेकांशी जोडणी सुरू केली आणि दोनपैकी एकच ठेवायची असेल, तर मोठ्या आयडीवाल्याने सुरू केलेली राहते. एकाच प्रोटोकॉलमध्ये एकदा लहान आणि एकदा मोठा! यात काही खोल अर्थ शोधू नका. दोन्ही बाजूंनी न बोलता एकाच निष्कर्षावर यावं, एवढीच अपेक्षा आहे.

आयडी बदलला तर काय होतं, हे विद्यार्थ्यांना नेहमी अडतं. नवा लूपबॅक जोडला, तरी आयडी जुनाच दिसतो. हा बिघाड नव्हे. स्टँडर्डच म्हणतं, की आयडी बदलायचा तर ओएसपीएफ पुन्हा सुरू करावं आणि त्याआधी आपल्या जुन्या एलएसए जाळ्यातून काढून टाकाव्यात. कारण उघड आहे. नकाशात तुमची नोंद आयडीने आहे. आयडी बदलला की इतरांच्या दृष्टीने जुना राउटर गेला आणि एक अनोळखी नवा आला. जुन्याच्या नोंदी काढल्या नाहीत तर त्या तासभर, म्हणजे वय संपेपर्यंत, भुतासारख्या नकाशात राहतात. म्हणून सिस्कोवर आपण ओएसपीएफची प्रक्रिया साफ करण्याची आज्ञा देतो तेव्हाच नवा आयडी लागू होतो.

आणि दोघांचा आयडी एकच निघाला तर? आजच्या लॅबमध्ये हे फार सहज घडतं. जीएनएस३ मध्ये एक राउटर नीट बसवायचा, त्याची कॉन्फिगरेशन कॉपी करून पाच ठिकाणी चिकटवायची, पत्ते बदलायचे आणि राउटर आयडीची ओळ तशीच राहते. दोघे शेजारी असतील तर त्यांचं नातं जुळतच नाही आणि सिस्को तक्रारही नोंदवतो, म्हणजे लगेच कळतं. खरी मजा दोघे एकाच एरियात पण लांब असतात तेव्हा. ओएसपीएफमध्ये एक नियम आहे: आपल्याच आयडीची, पण आपल्याकडे आहे त्यापेक्षा नवी एलएसए बाहेरून आली, तर ती आपल्याच मागच्या जन्मीची समजायची (राउटर बंद पडून पुन्हा सुरू झाला असेल तर असं होतं), त्याहून मोठा अनुक्रमांक घेऊन खरी माहिती पुन्हा प्रसिद्ध करायची. एकच राउटर असेल तर नियम उत्तम आहे. दोन असतील तर दोघेही एकमेकांची बातमी आपल्या मागच्या जन्मीची समजतात. पहिला अनुक्रमांक वाढवतो, मग दुसरा वाढवतो, मग पुन्हा पहिला. बाकीच्या राउटरांचा नकाशा दर काही सेकंदांनी बदलतो आणि मार्ग येत-जात राहतात. इथे गोल अनुक्रमांक नाही, बिटही गळलेला नाही, तरी दृश्य १९८० च्या अर्पानेटची आठवण करून देणारं आहे. एका नावाचा मालक एकच, या गृहीतकावर सगळं उभं असतं.

उसन्या पत्त्याची खरी पंचाईत झाली आयपीव्ही६ आल्यावर. तिथले पत्ते १२८ बिटांचे. ओएसपीएफची त्यासाठीची तिसरी आवृत्ती १९९९ च्या आरएफसी २७४० मध्ये आली, पुढे २००८ मध्ये आरएफसी ५३४० ने तिची जागा घेतली. दोन्हींत राउटर आयडी ३२ बिटांचाच ठेवला. त्यामुळे फक्त आयपीव्ही६ चालणाऱ्या सिस्को राउटरवर उसना घ्यायला पत्ताच सापडत नाही आणि आयडी हातानेच द्यावा लागतो. मुलं मग १.१.१.१, २.२.२.२ असं देतात, ते ठीकच आहे. पण त्यातले काही त्या १.१.१.१ ला पिंग करून बघतात. लॅबला इंटरनेट असेल तर उत्तरही येतं, कारण २०१८ पासून तो क्लाउडफ्लेअरच्या सार्वजनिक डीएनएस सेवेचा पत्ता आहे! आपल्या राउटरचा त्याच्याशी काही संबंध नाही. बीजीपीनेही हेच मान्य केलं. २००६ च्या आरएफसी ४२७१ मध्ये बीजीपीचा आयडी हा त्या राउटरचा आयपी पत्ता असावा असं होतं, २०११ च्या आरएफसी ६२८६ ने ती अट सैल केली: ३२ बिटांची, शून्य नसलेली, आपल्या स्वायत्त जाळ्यात एकमेव असलेली कुठलीही संख्या चालेल.

या गोंधळात न पडलेली एक दुसरी शाखा होती. ओएसआय कुटुंबातल्या आयएस-आयएस प्रोटोकॉलमध्ये राउटरची ओळख ६ बाइटची, आयपी पत्त्याशी तिचं नातं नाही. इथे अर्नेट पुन्हा आठवतं, कारण सुरुवातीच्या वर्षांत त्याच्या कण्याच्या लीज्ड लाइनवर टीसीपी-आयपी आणि ओएसआय अशी दोन्ही कुटुंबं एकत्र नांदत होती. १९९५ च्या सुमारास जवळपास सगळी वाहतूक टीसीपी-आयपीवर आली. आयएस-आयएस मात्र मोठ्या सेवापुरवठादारांच्या जाळ्यांत टिकलं आणि तिथे अभियंते काय करतात बघा: लूपबॅकचा आयपी पत्ता घ्यायचा, समजा १९२.१६८.१.२५, प्रत्येक भाग तीन अंकी करायचा, आणि चार-चार अंकांचे गट पाडून १९२१.६८००.१०२५ असा आयडी लिहायचा. प्रोटोकॉलने मुद्दाम वेगळी ठेवलेली ओळख माणसांनी पुन्हा पत्त्याला नेऊन बांधली, कारण रात्री दोन वाजता बिघाड शोधताना नंबर ओळखीचा दिसला की बरं पडतं. मला यात काही वावगं वाटत नाही.

नेटवर्क सांभाळायला कुणीच अभियंता नसेल, उदाहरणार्थ घरात, तिथे काय करायचं याचं उत्तर २०१५ च्या आरएफसी ७५०३ मध्ये आहे. तिथे राउटर आपला आयडी चक्क यादृच्छिक निवडतो. दोघांचा एकच निघाला तर त्यांच्यात भेद करायला दुसरं काहीतरी हवं, म्हणून प्रत्येक राउटर आपल्या हार्डवेअरवरून तयार केलेला एक लांबलचक ठसा सोबत पाठवतो. आयडी तोच पण ठसा वेगळा दिसला, की ज्याचा ठसा संख्येने लहान त्याने माघार घेऊन नवा आयडी काढायचा.